कोकणात कूलर

सांगतो, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता. माझ्या हातून जे झालं ते कुण्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर एक वेळ माफ होतं. मी तर पॉवर स्टेशनातून रिटायर झालेला माणूस!

मागच्या वर्षी मे महिन्यात आमची सुनंदा, म्हणजे आमच्या घरची मालकीण, दुपारी गच्चीवर वाळवणं पाहायला गेली न् तिथेच मटकन खाली बसली. ऊन लागलं. तीन दिवस सलाईन. चंद्रपूरचा उन्हाळा काय तुम्हाला सांगायचा? पारा सत्तेचाळीसवर असला तरी आम्ही म्हणतो, "आज जरा बरं हाय बा!" पण त्या दिवशी दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं. पुढचा उन्हाळा ही बाई चंद्रपुरात काढणार नाही. नोकरीतलं ऊर्जानगरचं क्वार्टर केव्हाच सोडलेलं, पोरं आपापल्या नोकरीवर. अडवणारं कोण होतं? उन्हाळ्याचे चार महिने समुद्राकाठी, बाकीचे आठ आपल्या घरी. पक्कं म्हणजे पक्कं.

पण समुद्र कुठचा? इथे घरात दोन पार्ट्या पडल्या.

"मले गुहागर पायजे," सुनंदा म्हणाली. ती नागभीडकडची, तळ्यातल्या मासोळ्या खाऊन वाढलेली. तिच्या भजनी मंडळातली एक बाई गुहागरला जाऊन आली होती, तेवढं तिला पुरे होतं.

"न् मले वेंगुर्ला," मी म्हणालो. "मोबाइलवर पाह्यलं मी. पाणी कसं निळंशार दिसते!"

"मोबाइलवर तर आपली इरई नदीबी निळी दिसते!"

आता हिच्याशी वाद कोण घालणार? आम्ही ऑपरेटर लोक, आमचा भरवसा ट्रायलवर. दोन्ही गावांत पंधरा-पंधरा दिवस राहायचं, वहीत रोजचं रीडिंग घ्यायचं, जे गाव पास होईल ते आपलं. वहीवर मी दोन रकाने आखले न् एप्रिल संपता संपता निघायची तयारी केली.

तयारी म्हणजे काय? कूलर! कूलरशिवाय उन्हाळा असतो का कुठी? आमचे रफीकभाई तीस वर्षांपासून कूलर बनवतात. त्यांना म्हटलं, खोलून नेता येईल असा एक छोटा बनवून द्या, समुद्राकाठी न्यायचाय. रफीकभाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता, मी पाहिलेला नव्हता. दोघांनी बसून गंभीरपणे विचार केला.

"मास्टर, एक बात का खयाल रखना," ते म्हणाले. "समुंदर का पानी मत डालना. बॉडी सड जायेंगी."

"नाई टाकत," मी म्हणालो. "विहिरीचंच टाकतो."

झालं! पत्रे चादरीत, मोटर पिशवीत, गवताच्या ताट्या सुनंदाच्या डोक्यावर, असं करत आम्ही नागपूर, मुंबई, चिपळूण न् तिथून एसटीने गुहागर गाठलं. कंडक्टरने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "कूलर." "कुठे नेताय?" "गुहागरले." त्याने तिकीट फाडलं, दोन पावलं पुढे गेला, परत वळून चादरीकडे पाहिलं न् पुन्हा विचारलं, "गुहागरला?"

तेव्हाच समजायला पाहिजे होतं ना? नाही समजलं!

घरमालक अण्णा भला माणूस. माडा-सुपारीच्या वाडीत आम्हाला वेगळी खोली दिली. सुनंदा तर पहिल्याच संध्याकाळी समुद्रात घोटाभर पाय बुडवून उभी राहिली ते परत यायचं नावच घेईना.

"खिडक्या उघड्या ठेवा हो," अण्णा म्हणाले. "छान वारा येतो."

मी मनात हसलो. उन्हाळ्याचा वारा म्हणजे लू! आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खिडकी उघडणाऱ्याची आधी नाडी तपासतात. मी खिडक्या गच्च लावल्या, एकीत कूलर बसवला, टाकी काठोकाठ भरली न् बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी आगपेटीची काडी ओढली, पेटेना. तिसऱ्या दिवशी पापड हातात धरला तर रुमालासारखा लोंबला. चौथ्या दिवशी माझ्या कातडी पट्ट्यावर हिरवी बुरशी! वहीचं पान पलटवायला गेलो तर चार पानं एकदम आली. अंगाला घाम तर असा, की आंघोळ झाली का व्हायची आहे तेच कळेना.

आता सांगा, चंद्रपूरच्या माणसाला गरम झालं तर तो काय करते? कूलरमध्ये पाणी टाकते! मी दिवसातून चारदा टाकी भरू लागलो. तरी जमेना, तर बाजारातून बर्फाची लादी आणली न् तीही टाकली.

"आवो, हे जरा बंद करून पाहा ना," सुनंदा शिंकत म्हणाली. तिचे गुडघे धरले होते.

"बंद करून? मांगच्या साली ऊन लागलं होतं, विसरली काय? मी तुले गार ठेवून राह्यलो न् तू बंद करा म्हणून राह्यली!"

सातव्या दिवशी खाटेमागची भिंत ओली दिसली. थेंब ओघळत होते. मी बोट फिरवलं, वास घेतला, कान लावला. निदान झालं! भिंतीच्या आतला पाइप फुटलेला होता. ही खोलीच सादळलेली. म्हणजे गुहागर नापास.

नुसतं तोंडी सांगून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण नोकरीची सवय! मी रीतसर इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिला. 'दोष : भिंतीत ओल. कारण : आतील पाइप गळका. उपाय : गवंडी बोलावून तातडीने भिंत फोडावी.' खाली सही. न् अण्णांना ओटीवर बसवून मोठ्याने वाचून दाखवला.

अण्णांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं झाली, कोणी बोललं नाही हो."

"कोणी तपासलं नसंल!" मी म्हणालो. "आम्ही आता वेंगुर्ल्याले जातो. पण तुम्ही हे काम टाळू नका, अण्णा."

सोमवारी निघताना अण्णांच्या बायकोने सुनंदाच्या हातात आमसुलांची पुडी ठेवली. सुनंदा एसटीत बसेपर्यंत समुद्राच्या बाजूला पाहत होती.

वेंगुर्ल्यात शालनताईंच्या घरी खोली घेतली. खिडक्या बंद, कूलर चालू. न् चौथ्या दिवशी भिंत ओली!

आता शहाणा माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, "अख्ख्या कोकणाचं प्लंबिंगच फेल हाय!" न् दुसरा रिपोर्ट लिहायला बसलो. तेवढ्यात शालनताई ताटलीत घावणे घेऊन आल्या. दार उघडलं न् त्या उंबऱ्यावरच थबकल्या. तोंडावर गरम टॉवेल मारल्यासारखी हवा आली असणार.

"काका, ह्यां काय?"

"कूलर."

"ह्येच्यात पाणी कित्याक घालतास?"

"हवा गार व्हावी म्हणून!"

"अहो, हयसर हवेतच पाणी आसा! आणखी कित्याक? आधी तां बंद करा नि खिडक्यो उघडा."

माझी वाट न पाहता त्यांनीच बटण बंद केलं न् तिन्ही खिडक्या धाडधाड उघडल्या. समुद्रावरून वारा आत शिरला. काय सांगू, दहा मिनिटांत अंगावरचा सदरा सुटा झाला. दुपारपर्यंत भिंत सुकली. सुनंदा पलंगावर पाय पसरून बसली न् दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मला इतकी लाज वाटली! जिला वाचवायला आणलं, तिलाच मी वाफेत शिजवत होतो.

"काका खंय होते नोकरीक?" शालनताईंनी सहज विचारलं.

मी डोळ्यांनी खूप खुणा केल्या. सुनंदा कशाची ऐकते!

"पॉवर स्टेशनात," ती म्हणाली. "कूलिंग टॉवरवर. तीस वर्षं. पाण्याची वाफ कशी होते न् हवेत किती ओल हाय, त्याचं दर घंट्याले रीडिंग घेत होते हे."

शालनताई आधी पदर तोंडात कोंबून हसल्या, मग पदर काढून हसल्या.

हसणं थांबल्यावर सुनंदाने मोबाइल माझ्या पुढ्यात ठेवला. "लावा अण्णाले फोन."

"आता? दोन दिवसांनी लावतो ना."

"आत्ताच. गुहागर नापास नव्हतं, तुम्ही होते. न् मले राह्यचं तर तिथीच राह्यचं हाय."

बाईचा निश्चय माझ्याही वरचढ निघाला. मी घसा खाकरून फोन लावला.

"अण्णा, मी चंद्रपूरवाला. ती खोली रिकामी हाय काय? म्हंजे दरसाल चार महिन्यांसाठी..."

"आहे की! या ना," अण्णा म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरलो.

"न् ते... भिंतीचं? गवंडी नसंल बोलावला अजून?"

"बोलावला हो. तुमचा रिपोर्टच तसा कडक होता. त्याने सबंध भिंत फोडून पाहिली. आत पाइपच नव्हता, आणि जांभा चिरा ठणठणीत कोरडा! तो मला विचारतो, अण्णा, ओल होती ती गेली कुठे?"

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, सोमवारच्या एसटीने वेंगुर्ल्याला गेली."