ओवीची दुसरी ओळ

रिठदहून रिसोडला जाणाऱ्या एसटीत ती रोज मेथीची टोपली मांडीवर घेऊन बसायची. टोपलीच्या काठावर बोटांनी ठेका धरायची आणि एकच ओळ घोळवून घोळवून गायची, "शेजी माही गोड, जसा गुळाचा खडा." पुढच्याच सीटवर तिची शेजारीण असायची. ओळ ऐकली की मागे वळून तोंडभर हसायची.

मी मराठीचा मास्तर. अर्धी ओवी मला सोसवेना. एकदा विचारलंच, "मावशी, दुसरी ओळ कुठं गेली? यमक नको का जुळायला?"

ठेका थांबला नाही. माझ्या कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "तिच्या दारी आमच्यासाठी येगळा घडा. थे ओळ मोठ्यानं कायले म्हनू, गुरुजी? थे तं तिले पाठ हाय."

तेवढ्यात शेजारणीनं पाण्याची बाटली काढली. "पानी पेतं का वं?"

हिनं ओंजळ पुढं केली. शेजारणीनं बाटली उंच धरून पाणी सोडलं. मग तीच बाटली माझ्याकडे केली.

"घ्या गुरुजी. तोंड लावून प्या, तुमाले चालते."

मला तहान लागली होती. मी तोंड लावून प्यालो.

टोपलीवर ठेका पुन्हा सुरू झाला.