राजाबाईचा वाटखर्च

निपाणीजवळ, कर्नाटकाच्या हद्दीत, पुणे-बेंगळूर हायवेला खेटून असलेल्या एका गावात राजाबाई राहते. वय साठीच्या आसपास. नेमका आकडा तिलाही ठाऊक नाही, आणि आधार कार्डावर जो आहे तो तिच्या मते कार्ड काढणाऱ्याच्या सोयीचा आहे. धंदा वरातीला घोडी देण्याचा. घोडीचं नाव हरणी. रंग पांढरा, स्वभाव सरकारी: कामाच्या वेळी काम, एरवी कुणाकडं बघणं नाही.

नवरा परशराम टांगा हाकायचा. सत्तावीस वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा भावकीनं असं ठरवलं की टांगा आणि घोडी दोन्ही विकून राजाबाईनं तंबाखूच्या वखारीत कामाला जावं. राजाबाईनं टांगा विकला आणि घोडी ठेवली. पुढच्याच महिन्यात ती एका वरातीपुढं लगाम धरून उभी राहिली. विधवा बाईनं नवरदेवाची घोडी धरावी का, यावर मांडवात चर्चा सुरू झाली. चर्चा रंगात आल्यावर राजाबाई म्हणाली, "मी बाजूला होतो. ज्याला धरायची त्यानं धरा." दोन सवाष्णींनी आणि एका मास्तरांनी धरून पाहिली. घोडीनं मास्तरांचा फेटा चावला. मुहूर्त टळायला आला तसा सगळ्यांचा विरोध मावळला. या भागातल्या बऱ्याच सामाजिक सुधारणा मुहूर्ताच्या भीतीनंच झाल्या आहेत.

तेव्हापासून राजाबाईची एकही तारीख चुकलेली नाही. घोड्या बदलल्या, हरणी ही तिसरी. तारीख मात्र चुकली नाही.

तिचे पैसे दोन प्रकारचे. एक घोडीचे, दुसरा वाटखर्च. घोडीच्या पैशांवर कुणी फारसं बोलत नाही. वाटखर्चावर मात्र प्रत्येक घरातला एक मामा हटकून वाद घालतो. घोडी चालत जायची तेव्हा मामा म्हणायचा, "देवानं चार पाय दिल्यात, चालायचं कसलं पैसं?" आता टेम्पो करावा लागतो, तर मामा म्हणतो, "टेम्पोत नुसतं उभं तर ऱ्हायचंय." पण राजाबाईचे नियम पक्के. वाटखर्च सुपारी घेतानाच सांगायचा, मांडवात उभं राहून नाही. जाण्याचा नवरदेवानं द्यायचा, येण्याचा तिनं सोसायचा. कारण घोडी परत येते ती स्वतःच्या दाण्यासाठी, नवरदेवासाठी नव्हे. आणि वाट चुकली तर त्या फेऱ्याचा खर्च चुकणाऱ्याचा.

यंदा वैशाखात बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या नागोजीअण्णांच्या मुलाची वरात तिनं घेतली होती. रविवारची. मंगळवारी सकाळी खरारा करता करता तिचा हात हरणीच्या पाठीवर थांबला. कण्यावर, खोगीर टेकतं तिथं, रुपयाएवढ्या जागेतले केस गेले होते, जागा जराशी सुजली होती. बोट लावलं की कातडी थरथरत होती.

जनावरांचे डॉक्टर बसनगौडा आले, वाकले, बोटांनी कणा चाचपत गेले. त्यांचं मराठी कानडीच्या अंगानं चालतं.

"कातडी फुटली न्हाई, नशीब. पण हे खोगीर सरळ कण्यावर बसायलंय, राजाक्का. रविवारपर्यंत पाठीवर काय नको. आणि रविवारी असंच घालणार असशील तर बेडा, नकोच. एकदा पाठ गेली की ही परत कुणाला वर घेणार न्हाई."

"मग करू काय?"

"खाली नमद्याची, दाबलेल्या लोकरीची जाड गादी पाहिजे. दोन्ही बाजूला टेकणारी, मधी कण्याला मोकळी. ती मिळाली तर जा." त्यांनी औषधाच्या खोक्यावर चित्रही काढून दिलं.

निपाणीच्या बाजारात घोड्याचं सामान मिळतं. घुंगरं, गोंडे, आरसे, मोरपिसं, झुली. पाठीसाठी काही मिळत नाही, कारण वरातीत घोडीची पाठ कुणाला दिसत नाही.

बातमी युवराजपर्यंत जायला दुपार लागली नाही. गावात त्याचा वरातीचा रथ आहे: जुन्या जीपवर पत्र्याची महिरप, पुढं थर्माकोलचे दोन घोडे, त्यांच्या डोळ्यांत बल्ब.

"आक्का, हिंडलग्याचं मी बघून घेतो की," तो म्हणाला. "माझ्या घोड्यांची पाठ कधी दुखत न्हाय."

"त्यांचं डोळं जळत्यात, तेवढं बघ."

युवराज हसला, पण नागोजीअण्णांचा नंबर कुणाकडं आहे याची चौकशी त्यानं करून ठेवली.

राजाबाईची पुतणी तेजस्वी निपाणीत पतसंस्थेत नोकरीला आहे. बुधवारी संध्याकाळी तिनं फोनवर शोध घेतला आणि डॉक्टरांच्या चित्रासारखी गादी सापडली. दुकान 'अश्वराज साज भांडार', कोल्हापूर. किंमत चोवीसशे. तेजस्वीनं नाव भरलं, पत्ता भरला, फोन नंबर, ईमेल, जन्मतारीख भरली. एवढी ओळख झाल्यावर अगदी शेवटच्या पानावर दुकानानं सांगितलं: डिलिव्हरी सहाशे नव्वद.

दारात चार माणसं जमली होती. चौघांनी मिळून ऑनलाइन व्यापाराला लुटारू ठरवलं. चौघांपैकी एकानंही आजवर ऑनलाइन काही मागवलेलं नव्हतं, त्यामुळं मतं ठाम होती.

"डिलिव्हरी फुकटच पाहिजे," युवराज म्हणाला.

तेजस्वीनं डिलिव्हरी फुकट असलेलं दुसरं दुकान काढून दाखवलं. तीच गादी, तोच फोटो, किंमत एकतीसशे पन्नास. म्हणजे फुकटची डिलिव्हरी साठ रुपयांनी महाग पडत होती.

"ह्यो घोडीच्या पैशात वाटखर्च लपवतोय," राजाबाई म्हणाली. "मामा खूश. पैसं जायचं ते जात्यातच."

"काकी, पलीकडचा पत्ता टाकू का?" तेजस्वी म्हणाली. "तानीआत्याचा. महाराष्ट्रात डिलिव्हरी नव्वदच दाखवतंय."

सीमाभागात प्रत्येक घराला दोन पत्ते असतात. एक राहण्याचा, दुसरा पलीकडच्या पाहुण्यांचा. ज्या कामाला जो चालेल तो द्यायचा. तानीबाई म्हणजे राजाबाईची वन्सं, कागलच्या बाजूला दिलेली. दोन वर्षांपूर्वी हरणीसाठी पितळी बकलाची म्होरकी मागवली होती, ती याच युक्तीनं तानीबाईंच्या पत्त्यावर. तेजस्वीला वाटलं काकीनं कळवलंय, काकीला वाटलं तेजस्वीनं. तानीबाईंनी पार्सल उघडलं, भावजयीनं आठवणीनं काहीतरी पाठवलं म्हणून डोळ्यांना पदर लावला, आणि म्होरकी म्हशीला घातली. वन्संच्या म्हशीच्या तोंडावरची म्होरकी परत मागण्याची रीत अजून कुणी शोधून काढलेली नाही. दिवाळीला राजाबाई गेली तेव्हा म्हैस झकास दिसत होती, आणि राजाबाईला तसं म्हणावंही लागलं.

"नको," राजाबाई म्हणाली. "माझं घर हितं हाय. ह्या घराला किती पडतंय ते विचारतो मी. त्या दुकानाचा नंबर लाव सकाळी."

गुरुवारी दुकान उघडताच फोन लागला.

"अश्वराज साज भांडार, अमरदीप बोलतोय."

"सहाशे नव्वद कशाचं?"

हा प्रश्न अमरदीपला नवीन नव्हता. "डिलिव्हरीचे, मावशी. ते सिस्टीमच लावते."

"मग सिस्टीमला द्या फोन."

"तसं नसतं ओ मावशी. तुम्ही दुसऱ्या राज्यात येता ना."

"बरं. गोंदियाला किती घेता?"

"नव्वद."

"गोंदिया किती लांब?"

"असेल की हजारभर किलोमीटर."

"आणि मी?"

"निपाणी म्हणजे…" अमरदीप थांबला. "चाळीस."

"मग मी गोंदियाच्या पलीकडं कवा गेलो?"

"राज्य बदलतंय ना, मावशी."

"राज्य बदलतंय. रस्ता बदलतोय का?"

राजाबाईनं आवाज चढवला नव्हता. आवाज चढवणारा मामाच शेवटी वाटखर्च देऊन जातो, हे तिनं सत्तावीस वर्षं पाहिलं होतं.

"ऐका," ती म्हणाली. "मी बी वाटखर्च घेतो. फुकट मागायला फोन केला न्हाई. तुमचं माणूस राबतंय, गाडी पळती, डिझेल लागतंय. घ्या की. पर पार्सल कुठनं कसं येतंय, तेवढं सांगा."

आपली पार्सलं कुठून जातात हे अमरदीपला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही स्वतःला विचारलेलं नव्हतं. त्यानं कॉम्प्युटरवर एक जुनी नोंद काढली. "कोल्हापुरातनं निघतं. हुबळीला जातं. तिथनं बेळगाव. बेळगावहून मागं निपाणी. चार-पाच दिवस."

"हुबळीला कुठल्या रस्त्यानं जातंय?"

"हायवेनंच."

"म्हंजे माझ्या दारावरनं."

"…व्हय."

"म्हंजे माझी गादी माझ्या दारावरनं फुडं जाणार, हुबळीत मुक्काम करणार, बेळगाव बघणार, आणि मग माझ्याकडं येणार. आणि तिच्या सहलीचं पैसं मी भरायचं."

अमरदीप हसला, आणि तिथंच तो हरला.

"आता ह्ये सांगा. कुरिअरवाला तुमच्याकडनं निपाणीचं किती घेतोय?"

यासाठी त्याला कुरिअरची बिलं काढावी लागली. बिलावर दीडशे होते. मग सहाशे नव्वद आले कुठून, हे त्यालाही कळेना. पाच मिनिटं शोधल्यावर उलगडा झाला. वेबसाइट त्याच्या मेहुण्यानं करून दिली होती, आणि मेहुण्यानं भारताचे दोन भाग केले होते: महाराष्ट्र आणि बाकीचं. बाकीच्यात आसाम होता, अंदमान होतं, आणि दुकानाच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असेल तर जवळपास दिसेल अशी निपाणी होती.

"मावशी, मेहुण्याची चूक झाली," अमरदीप म्हणाला. "तुम्हाला डिलिव्हरी माफ."

"माफ करायला मी गुन्हा काय केलाय?"

"म्हणजे… फुकट पाठवतो."

"फुकट नको. वाटेचं घ्या. फकस्त जी वाट खरी चालली तिचं घ्या. आणि चार-पाच दिवस मला जमायचं न्हाईत. रविवारी वरात हाय आणि घोडीची पाठ धरलीया." मग तिनंच वाट सांगितली. "गादी गोणपाटात गुंडाळा, स्टँडवर जा, निपाणीच्या बसच्या कंडक्टरकडं द्या. मी हिकडं स्टँडवर उभी ऱ्हातो. रिक्षाचं आणि बसचं जे हुईल ते सांगा."

"एकशे दहा होतील."

"गादीचं आणि ते, सगळं पैसं आत्ताच पाठवतो."

"बरं मावशी, ठेवू?"

"ठेवू नका. ते मेव्हण्याचं काम आजच्या आज नीट करा. हिकडं टांग्याच्या शर्यतीवाली लई माणसं हायत. तुमच्याकडनं लगाम, रिकिबी घेत्यात ती. सगळ्यांच्या वतीनं फोन करायला मला येळ न्हाई."

शुक्रवारी सकाळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गोणपाटातली गादी खिडकीकडं बसून आली. कंडक्टरनं उतरवताना विचारलं, "आक्का, ह्यात काय हाय?" राजाबाईनं सांगितलं, "घोडीची तब्येत." तासाभराच्या प्रवासात गादीनं राज्याची हद्द ओलांडली होती, ते तिच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

संध्याकाळी तेजस्वीनं सहज म्हणून दुकानाचं पान उघडलं, आणि फोन घेऊन तशीच गोठ्यात आली. आता पहिल्याच पानावर पिन कोड विचारत होते. निपाणीचा टाकला की किमतीच्या खालीच, ठळक अक्षरांत, दीडशे. चिकोडीचा टाकून पाहिला, खानापूरचा टाकला, लोंढ्याचा टाकला. सगळीकडं ज्याच्या त्याच्या वाटेप्रमाणं. दारातल्या चौघांनी ते आळीपाळीनं पाहिलं आणि आपण बुधवारीच असं म्हणालो होतो यावर त्यांचं एकमत झालं.

राजाबाई हरणीच्या पाठीवर गादी ठेवून, चार बोटं कण्यावरच्या फटीतून मानेपासून मागपर्यंत सरकवून बघत होती. बोटं कुठं अडली नाहीत. "आता गप्पा बास," ती म्हणाली. "उजेड सोडा जरा."

रविवारी सकाळी बसनगौडा स्वतः येऊन पाठ बघून गेले. सूज उतरली होती. "जा," ते म्हणाले. "पण परत आल्यावर… न्हाई, तिथंच, खोगीर काढल्या काढल्या फोटो पाठव."

हिंडलग्यात वरात अडीच तास चालली. पुढं बेंजो, मागं डीजे, मधे हरणी. नवरदेव अंगानं भरलेला होता आणि नाचणाऱ्या मित्रांना वरून हात देण्याची त्याला हौस होती, त्यामुळं तो सारखा एका बाजूला झुकायचा. राजाबाई प्रत्येक वेळी त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची आणि तो सरळ व्हायचा. बायका गच्चीवरून घोडीपेक्षा राजाबाईचेच फोटो काढत होत्या. ज्या मांडवात तिनं लगाम धरावा का यावर एकदा चर्चा झाली होती, तसल्याच मांडवाच्या दारात आता दोन करवल्या वाद घालत होत्या, की लगाम धरलेल्या आजीशेजारी आधी कोण उभं राहणार. हरणीनं फक्त एकदा मान वळवली, तीही एका फेट्याकडं, आणि राजाबाईनं लगाम आखडला.

युवराजही आला होता. जवळच काम होतं म्हणाला. जीप झाडाखाली लावून, हाताची घडी घालून तो अडीच तास उभा होता.

नवरदेव उतरला. राजाबाईनं पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उचललं, मग दोन्ही हातांनी गादी उचलली. हरणीच्या पाठीवर घामाचे दोन पट्टे होते, डावीकडं एक, उजवीकडं एक, इस्त्री फिरवल्यासारखे सारखे. मधे कण्यावर सरळ कोरडी रेघ. केस गेलेली जागा होती तशीच, कोरडी. राजाबाईनं त्यावर बोट ठेवलं. कातडी हलली नाही. तिनं पुन्हा ठेवलं, जरा दाबून. हरणी शेजारच्या मांडवाचा हिरवा पाला खात होती.

सोबत आलेल्या तेजस्वीनं फोटो पाठवला. बसनगौडांचं उत्तर दोन शब्दांचं आलं: "छलो ऐती." छान आहे, एवढंच, पण डॉक्टर हे क्वचित म्हणतात.

युवराज जवळ आला, वाकून त्या कोरड्या रेघेकडं बघत राहिला. बेंजोवाले आले. नवरदेवाचा मामा आला. लोक जमलेत म्हणून आणखी लोक जमले. तेवढ्यात नागोजीअण्णा पाकीट घेऊन घाईघाईनं गर्दी बाजूला सारत आले.

"काय झालं, राजाक्का? घोडीला काय झालं?"

"काय न्हाई झालं, अण्णा," राजाबाई म्हणाली. "तेच बघायलोय."