आपल्याच माणसाविरुद्ध

परभणीच्या अदालतीसमोर लिंबाखाली चटई टाकून मी बारा वर्षं अर्ज लिहिले. निजामाचं राज्य, कामकाज सगळं उर्दूत. लोक आपल्या बोलीत सांगायचे, मी उर्दूत उतरवायचो. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत, बसल्या जागी साचतात. परक्याशी भांडण असलं की अर्ज अर्ध्या पानात उरकायचा. आपल्याच माणसाविरुद्ध असला की चार पानंही पुरायची नाहीत.

शेजारी मुन्शीजी बसायचे. उर्दू मला त्यांनीच शिकवली. ते म्हणायचे, माया आणि वैर माणसाच्या डोक्यात शेजारी-शेजारीच राहत असणार. माणूस एकाकडे जायला निघतो अन् दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभा राहतो.

*

पेडगावची सरूबाई. नवरा सहा वर्षांपूर्वी दुसरी बाई घेऊन पळालेला. त्याला धरून आणा, असा अर्ज. मी हुलिया विचारला. उंची, रंग, एखादी खूण, एवढं पुरतं. बाई सांगत सुटली. भुवईवरचा व्रण, चालताना उजवा खांदा कसा पडतो, झोपेत डाव्या हाताची मूठ कशी वळतो. पान भरलं.

"सापडला तर काय करणार?" मी विचारलं.

"जीव घेईन त्याचा."

अंगठा उठवून ती गेली. रस्त्यापर्यंत जाऊन परत आली.

"त्याला हरभऱ्याची डाळ सोसत न्हाई. कोठडीत टाकलं तर शिपायाला तेवढं सांगून ठेवा."

*

एक म्हातारे मास्तर होते. आईच्या मातीलासुद्धा मुलगा आला नाही, म्हणून त्याला बेदखल करायची नोटीस लिहून घ्यायला आले. मजकूर त्यांनीच मराठीत लिहून आणला होता. अक्षर मोत्यासारखं, शब्द विषारी. हा माझा मुलगा नव्हे, माझ्या प्रेताला त्यानं हात लावू नये, वगैरे. आणि शेवटी, जन्मभराच्या सवयीनं असेल, 'अनेक आशीर्वाद'.

मी म्हटलं, मास्तर, हे शेवटचं नोटिशीत बसत नाही.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग हळूच विचारलं, "उर्दूत ह्याला शब्द नाही का?"

शब्द होता. मी लिहिला.

*

आता माझंच सांगतो. राज्य मोडायच्या आधी, हिंदू-मुसलमान एकमेकांकडे संशयानं बघू लागले त्या वाईट महिन्यांत मुन्शीजींनी आपली चटई उचलली आणि रस्त्यापलीकडे नेऊन टाकली. माझ्याशी एक शब्द नाही. मीही मनात गाठ मारली, या माणसाचं तोंड बघायचं नाही. दिवसभर मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. पुढं निजामाचं राज्य गेलं आणि एका सकाळी त्यांची चटई दिसली नाही. कुठं गेले, कुणालाच ठाऊक नाही. बरं झालं, असं मी दहा जणांना सांगितलं. पण माझ्या शेजारच्या जागेवर मी कुणालाच बसू दिलं नाही.

*

बोरीच्या दोन भावांचा किस्सा त्याच्या आधीचा. थोरला देवराव, धाकटा नागोराव. बांधावरून सुरू झालेला मुकदमा आठ वर्षं चालला. घरं वेगळी, बोलणं बंद. तारखेला मात्र एकाच बैलगाडीत यायचे, एक पुढं तोंड करून, एक मागं.

एका तारखेला नागोराव एकटाच आला. देवराव पंधरा दिवसांपूर्वी तापानं गेला, हे मला बोरीच्याच माणसाकडून कळलं होतं. अदालतीत अजून कुणी कळवलं नव्हतं.

नागोराव चटईवर बसला. म्हणाला, "लिवा. भाऊ आजारी हाय, तारीख वाढवून द्या."

मी म्हटलं, "नागोराव, थोरले तर..."

"आजारी हाय म्हून लिवा."

मी लिहिलं. का लिहिलं, सांगता येत नाही. त्याच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत गेलो. अर्ज आत दिला, तरी रिवाजाप्रमाणे तीनदा नाव पुकारायला चपराशी दाराशी आला. "देवराव वल्द माणिकराव, बोरीवाले, हाजिर है?" नागोरावानं डोक्याचं पागोटं काढून हातात धरलं. चपराशानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं आणि आत जायला वळला.

नागोरावानं त्याची बाही धरली.

"एक डाव अजून पुकारा," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं."