‘सावड’वाली फरहत

आमच्या मानोऱ्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीत अकरा संचालक आहेत. त्यातल्या नऊ जणांना स्वतःच्या मोबाईलवर आलेला फोटो उघडायला घरातली सून लागते. दहावे अध्यक्ष गोपीचंद. त्यांना कोणीच लागत नाही, ते न उघडताच ‘भारी आहे’ असं उत्तर पाठवतात. अकरावा मी. पंचायत समितीत छत्तीस वर्षं बाबूगिरी केली, म्हणून मला ‘बाबूसाहेब’ म्हणतात आणि जिथे थोडी अक्कल लागेल तिथे पुढे करतात. या शहाण्यांच्या मंडळाने फरहतचा निकाल कसा लावला, ते सांगतो.

फरहत वाशीमच्या अशफाकची मुलगी. अशफाक मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पंपाला नवी तार गुंडाळून देतो. माझ्या विहिरीवरचा पंप त्याने तीनदा जिवंत केलाय. मुलगी अमरावतीला इंजिनिअर झाली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस सामान घेऊन परत आली. दुकानावरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून बसली. लोकांनी लगेच तर्क लढवले. कोणी म्हणे नोकरीवरून काढलं, कोणी म्हणे लग्न जमत असेल. ती काही बनवत असेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वस्तू पुण्या-मुंबईहून यायची आणि आपण ती विकत घ्यायची, ही आमच्याकडची पक्की समजूत.

तिने बनवलं होतं दहा-वीस माणसांनी मिळून करायच्या कामाचं सॉफ्टवेअर. कोणतं काम कोणाकडे, कधी करायचं, झालं की अडलं, सगळं एका जागी. नाव ‘सावड’. आज सगळे माझ्या वावरात, उद्या तुझ्या वावरात, ती आपली सावड. परदेशी कंपन्यांची असली सॉफ्टवेअरं जगभर चालतात हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “बेटा, एवढे मोठे लोक असतांनी तुझं कोण घेईन?”

“चाचा, त्यायच्या सॉफ्टवेअरले आधी हर माणसाचा ईमेल लागते. आपल्या इथं एका घरात एक फोन अन् त्याच्यावर चार माणसं. थे लोक अशा घरासाठी बनवतच नाहीत. मी बनवून राह्यली.”

आमची कंपनी सोयाबीनचं बियाणं करते. इंझोरीच्या धुरपताबाईच्या हाताखाली बेचाळीस बाया निवडायचं, चाळायचं, पोती भरायचं काम करतात. फरहतने एक हंगाम ‘सावड’ फुकट वापरायला दिलं. तिचा हिशेब तिने मला उघड सांगितला होता. आम्ही घेतलं की आजूबाजूच्या कंपन्या घेतील आणि ती इथेच राहील. आम्ही नाही म्हटलं तर दिवाळीनंतर खोली बंद करून पुण्याची नोकरी. तिकडून बोलावणं आलेलंच होतं.

पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं. फोनचं बटण दाबायचं, ज्याला काम सांगायचं त्याचं नाव घ्यायचं, काम बोलायचं, की त्याच्याकडे निरोप जातो. धुरपताबाई बाकी कामं खणखणीत सांगायची. माल नेणाऱ्या गाडीचं आलं की फोन तोंडापुढे धरून मुकी उभी. फरहतला वाटलं, माईक बिघडला. तिने तीन फोन बदलून पाहिले. चौथ्या दिवशी वच्छला नावाच्या बाईला हसू आवरेना.

“मॅडम, गाडी तं तिचा मालक चालवते. थे नवऱ्याचं नाव कशी घेईन?”

फरहतने कपाळावर हात मारून घेतला. “माझी अम्मी पन अब्बूले ‘फरहत के अब्बा’ म्हनते. अन् मी मोठी इंजिनिअर!” मला ही अडचण पहिल्या दिवशीच कळली होती, पण आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून मी गंमत बघत बसलो होतो. फरहत मात्र दोन दिवस इंझोरीत ठिय्या देऊन बसली आणि कोण कोणाला काय म्हणतं ते तिने बेचाळीस जणींच्या तोंडून ‘सावड’मध्ये भरून घेतलं. तिसऱ्या दिवशी धुरपताबाई फोनमध्ये म्हणाली, “गोलूचे बाबा, सात वाजता गाडी लावा,” आणि तिचा नवरा पुंजाजी याच्या खिशात फोन वाजला. त्या हंगामात गाडी एकदाही चुकली नाही आणि एक पोतं भिजलं नाही.

हे सगळं चांगलं चाललेलं गोपीचंदांना खुपायला लागलं. मोटारी भरणाऱ्याच्या पोरीचं, तेही वाशीमचं, म्हणजे ते असून असून काय असणार! स्वतः गोपीचंद मानोऱ्याबाहेर कधी चार दिवस राहिलेले नाहीत. त्यांनी पुण्याहून एका मोठ्या कंपनीचा विक्रेता बोलावला. त्याने आमच्या कार्यालयात पडदा लावला, सगळ्यांना पेन वाटले आणि संचालक निम्मे तिथेच विकले गेले.

धुरपताबाईला पुढे केलं. विक्रेता म्हणाला, “मावशी, ज्यांना काम द्यायचंय त्यांचं नाव बोला. आमचं सॉफ्टवेअर मराठी समजतं.”

“आमचे हे,” धुरपताबाई म्हणाली. पडद्यावर उमटलं, असा सदस्य नाही.

“लाजू नका मावशी, मोठ्याने बोला.”

ती पदर सावरून मागे सरकली. शेवटी गोपीचंदच ओरडले, “पुंजाजी!” आमच्या सभासदांत पुंजाजी तीन. निरोप गेला कारंजा रस्त्यावरच्या भलत्याच पुंजाजीला, आणि त्याने फोन करून विचारलं, “कायची गाडी? मी तं म्हशी राखतो.” सगळे पोट धरून हसले. विक्रेता म्हणाला, ट्रेनिंग दिलं की जमेल. गोपीचंदांनी मान डोलावली. म्हणजे शिकायचं ते बायांनी, त्या सॉफ्टवेअरने नाही.

मग फरहतची पाळी. तिने दहा मिनिटांत सगळं दाखवलं, काहीही अडलं नाही. एका संचालकाने विचारलं, तुमच्या कंपनीत माणसं किती? ती म्हणाली, मी एकटी. दुसऱ्याने विचारलं, आणखी कोण कोण वापरतं? ती म्हणाली, “कोनी नाही. तुमीच पयले.” तिथे सगळ्यांचे चेहरे उतरले. सत्कारात पहिली खुर्ची पकडायला आमचे लोक धावतात, पण कामात पहिलं व्हायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

तिला बाहेर बसवून गोपीचंद म्हणाले, “पोरीचं उद्या बंद पडलं तं जबाबदार कोन? ठरावावर सह्या आपल्या राह्यतीन.” मोठ्याचं बंद पडलं तर लोक म्हणतात, सॉफ्टवेअर बंद पडलं. लहानाचं बंद पडलं तर विचारतात, घेतलं कोणी? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बाबूसाहेब, तुमी सांगा. यातलं तुमालेच समजते.”

समजत होतंच. कोणतं चांगलं आहे, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मोठंच घ्या. ऑडिटले बरं राह्यते.” पहिला हात मी वर केला. बाकीचे दहा त्याचीच वाट पाहत होते.

गोपीचंदांनी फरहतला शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, “बेटा, आता बायांले हे मोठंवालं तूच शिकवून दे. मानधन देऊ.”

“मोठं हाय ना काका, थे स्वतःच शिकवीन,” ती म्हणाली. नारळ तिने टेबलावरच ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

दिवाळी झाली आणि ‘सावड’ बंद झालं. फरहत पुण्याला गेली. मोठ्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड गोपीचंदांनी आठवड्यात हरवला. कार्यालयाच्या भिंतीवर त्याचं रंगीत पोस्टर मात्र छान दिसतं. गाडी आता पूर्वीसारखीच कधी येते, कधी येत नाही.

परवा धुरपताबाई माझ्या दारात आली. मी म्हटलं, ये, बस. ती बसली नाही.

“अध्यक्षाले समजत नाही, म्हून त्यानं तसं केलं, असं आमी धरून चाललो. तुमाले तं समजत होतं ना, बाबूसाहेब?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग काहून?”

मी घरात वळून चहा ठेवायला सांगितलं. पुन्हा दाराकडे पाहिलं तेव्हा ती फाटकाच्या बाहेर पडली होती.