हार घातलेला फोटो

कुणीही विकत घेऊन कुठल्याही जाहिरातीत वापरावेत, असे व्हिडिओचे तुकडे प्रांजल बनवायचा. घाटकोपरच्या चाळीतली जानकी त्यांत कधी आजारी आई व्हायची, कधी विधवा. त्या दिवशी भिंतीवर मेलेल्या नवऱ्याचा फोटो हवा होता. पण फोटोतल्या माणसाचीही संमतीची सही लागते; मेलेल्याची कुठून आणणार?

"माझाच लाव की रे," म्हणत तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, हसत सही ठोकली. फोटोला झेंडूचा हार जानकीलाच चढवावा लागला.

"मावशी, झकास! अशाच रडा," प्रांजल म्हणाला. ती खरंच रडत होती.

घरी येऊन तिने फोटो पदराने पुसपुसून परत लावला. चार दिवसांनी तिने प्रांजलला विनवलं, "तेवढं हाराचं शूटिंग पुसून टाक ना रे."

"विकलं गेलं, मावशी. आता माझ्या हातात नाही."

आज दुपारी गावाहून दिराचा फोन आला. "वयनी, दादाक काय झाला गो? मोबाईलवर त्याच्या फोटोक हार दिसलो!"

"जायरात ती! ते कामार गेलेत," ती हसली.

मग तिने दिगंबरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. समोर फोटोच्या चौकटीत झेंडूची एक सुकलेली पाकळी अजून अडकलेली होती.