ठिपक्यांना वळसा

आज अंगणात ओल्या शेणाचा वास आला आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडची पद्मा आठवली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेव्हा विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. पद्माची मूठ कायम आवळलेली. ती सुटावी, पोरीनं आपल्या हातानं जेवावं, एवढंच तिच्या आईचं मागणं होतं.

एकदा त्यांच्या अंगणात, सारवलेल्या जमिनीवर मी ठिपके मांडले, रांगोळीची वाटी पुढे सरकवली. "जोड." ती ठिपके चुकवत निघाली.

"अवो, चुकून राह्यली ना हे!" मी शेजारी बसलेल्या तिच्या आईला म्हटलं.

आई हसली. "चुकत नाई, मॅडम. आमच्या इथी रेघ ठिपक्याले शिवत नाई, फिरून जाते." मग हसू थांबलं. "मॅडम, हात पाहा."

मूठ सुटली होती. चिमटीतून पांढरी धार सलग उतरत होती. तिच्या लक्षात येऊ नये म्हणून आम्ही दोघी श्वाससुद्धा हळू घेत होतो.