पाकिटातल्या मटणाला शेपटी नसते

मालतीबाई,

तुम्ही पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. इतक्या जवळच्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कळतं मला. पण समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवता आणि गॅसकडे तोंड करून उभ्या राहता. चहा होतो, बोलणं होत नाही. शिवाय सोसायटीतल्या बायका तुमच्याबद्दल जे बोलतात ते अर्धवट आहे, आणि अर्धवट बोलणं मला जन्मात सहन झालेलं नाही. एक बाजू म्हणते, बाईने हट्टापायी नवऱ्याला उपाशी मारलं. दुसरी म्हणते, नशिबात होतं ते झालं. दोन्ही बाजूंना कष्ट नकोत. तेव्हा तुमची गोष्ट पहिल्यापासून लिहून काढते, तिऱ्हाइताची लिहावी तशी. तुम्हाला उद्देशून लिहीत गेले तर तुम्ही मनातल्या मनातसुद्धा मध्येच बोलाल.

मालतीबाई टिपणीस माहेरच्या पेणच्या. घरात मुलगा नव्हता आणि वडिलांचे, आप्पांचे, डोळे ही नऊ-दहा वर्षांची असतानाच गेले. त्या काळी बायका खाटकाच्या दुकानाची पायरी चढत नसत. पण कायस्थाच्या घरातला रविवार आमटी-भातावर काढायचा कसा? आप्पांनी त्यावर तोडगा काढला. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते स्वतः दुकानात जायचे. ती टांगलेल्या बोकडाकडे बघून सांगायची, शेपटीला केस कसे आहेत, चरबी पांढरी आहे की पिवळी, बरगडी अरुंद आहे की रुंद. शेपटीचा झुबका खाटीक मुद्दाम ठेवतो, बोकडच आहे, मेंढी नव्हे, हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. आप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग आपलं बोट मांडीत दाबायचे. डोळा फसतो, पोरी, ते म्हणायचे, बोट फसत नाही. दाबलेला खळगा झटकन भरून आला तर मटण घ्यायचं. तसाच राहिला तर जोडे घालून चालू लागायचं, भाव कितीही पाडू देत. पुढे त्यांनी तिलाच बोट दाबायला शिकवलं. मॅट्रिकला मालतीबाई नापास झाल्या, पण या परीक्षेत कधी नाही.

लग्न होऊन त्या दादरला आल्या. सासूने आणलेलं मटण नव्या सुनेने पहिल्याच रविवारी बोट लावून परत पाठवलं. घरात महाभारत झालं. दिनानाथ, म्हणजे नवरा, एका कारखान्यात स्टोअरकीपर, स्वभावाने गरीब गाय. पण त्या दिवशी ते म्हणाले की ही नको म्हणते ना, मग नको. तेव्हापासून त्या घरात एक रीत पडली. ताट वाढलेलं असलं तरी मालतीबाईंनी रस्सा चाखून मान हलवल्याशिवाय दिनानाथ भाकरी मोडायचे नाहीत. पाहुणे हसायचे. ते म्हणायचे, आमच्या घरात दुर्बीण नाही, बायको आहे. पस्तीस वर्षं त्या माणसाने बायकोच्या मानेकडे बघून पहिला घास घेतला.

निवृत्तीनंतर ती दोघं नेरूळच्या आमच्या सोसायटीत आली. मुलगा मस्कतला, सून अस्मिता बेलापूरला बँकेत, नात सई बालवाडीत. मटणाचं दुकान जुन्या गावात तळ्याकाठी, हिरामणचं. हिरामणच्या बापाची भातशेती शहराखाली गेली, मोबदल्यात याने दुकान टाकलं. रविवार, बुधवार, शुक्रवार बोकड कापायचा, एरवी कॅरम खेळायचा. मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी बोट पुढे केलं तर तो म्हणाला, "काकी, घ्याचा तं घ्या. बोटं नका घालू, ता काय गुलाबजाम हाय?" त्या रिकाम्या पिशवीने परत आल्या. पुढच्या रविवारी पुन्हा परत आल्या. तिसऱ्या खेपेला त्यानेच मांडी वळवून समोर धरली आणि म्हणाला, दाबा. मग काय, सोसायटीतल्या निम्म्या घरांच्या पिशव्या मालतीबाईंच्या हातात. कुणाला नळी हवी, कुणाला चाप, कुणाच्या आजारपणाला कलेजी. शिकलेल्या सुना त्यांना रविवारी दार उघडून हसायच्या, एरवी नाही.

अशात वाशीला ते सवलतीचं सुपरमार्केट निघालं. बाहेर पिवळा फलक, आत गारवा, ढकलायच्या गाड्या. सोसायटीतल्या बायका रिक्षा करकरून बघायला गेल्या, मालतीबाईही गेल्या. मागच्या भिंतीला लांबलचक फ्रीजर, त्यात मटणाची पाकिटं, हिरामणपेक्षा स्वस्त, वर तारीख छापलेली. मालतीबाईंनी पाकीट उचललं, बोट दाबलं. बोटाला बर्फ लागला. त्यांनी तिथल्या पोऱ्याला विचारलं की याची शेपटी कुठाय. तो म्हणाला, आंटी, शेपूट नही आता, क्लीन करके आता है. बायका खदखदून हसल्या. मालतीबाई पाकीट परत ठेवून म्हणाल्या, "हे मटण नव्हे. हा मटणाचा फोटो आहे." हे वाक्य महिनाभर जिन्यात फिरत होतं. आमच्या इमारतीत त्या फ्रीजरमधलं पाकीट उघडपणे आणायची कुणाची छाती नव्हती. बाई खूश होत्या. का नसाव्यात? उभ्या जन्मात लोकांनी ऐकावं असं त्यांच्यापाशी हेच एक होतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात दिनानाथांचा घास अडकायला लागला. अन्ननलिकेत गाठ. मुंबईच्या सर्जनने तपासलं आणि सांगितलं, गाठ काढता येईल, पण या अंगाने हे टेबलावर टिकायचे नाहीत. आधी वजन वाढवा, ताकद येऊ द्या, मग आणा. पातळ आणि कसदार काय देता येईल ते द्या. आता पातळ आणि कसदार म्हटल्यावर मालतीबाईंना दुसरं काय सुचणार? अळणी. मीठमसाला न घालता मटण मंद शिजवायचं आणि वरचं पाणी गाळून द्यायचं. हिरामण नळ्या राखून ठेवायचा. सईला हाडं मोजायला बसवायची आणि आजोबांना वाटीवाटीने पाजायचं, असं आषाढभर चाललं. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. गालफडं जरा भरली. काट्यावर उभे राहून दिनानाथ म्हणाले, बोकड होत चाललोय, मालती, हिरामणला दाखवू नकोस.

मग श्रावण लागला.

हिरामणने सुरी धुऊन देवासमोर ठेवली. मालतीबाई त्याच्या घरी गेल्या. त्याचंही तोंड पडलं होतं. "काकी, सरावनान गावात कोन खातंय? पाव किलोसाठी बोकर कापून बाकीचा काय करू? गौरीला उघरन. तवर काका ठीक होतील." तुर्भ्याला एक दुकान श्रावणातही चालू असायचं, पण ते हॉटेलांना माल घालायचं. मालतीबाई पहाटेची बस धरून जायच्या. कधी मेंढी असायची, कधी आदल्या दिवसापासून उघड्यावर पडलेला तुकडा, आणि बोट दाबलं की खळगा तसाच. क्वचित एखादा दिवस बरं मिळायचं. बाकी दिवस पिशवी रिकामी. ब्रॉयलर कोंबडीच्या वासाने दिनानाथांना उमळून यायचं. अंडं घशाखाली उतरेना. पेज आणि डाळीच्या पाण्यावर चढलेलं वजन उतरायला लागलं.

अस्मिताने एके संध्याकाळी बँकेतून येताना ते पाकीट आणलं. ओट्यावर ठेवून दिलं. मालतीबाईंनीही, आश्चर्य म्हणजे, फेकलं नाही. ताटलीत काढून वितळू दिलं. एवढी गरज होती. मग बोट दाबलं. खळगा पडला आणि पडूनच राहिला. गुलाबी पाणी ताटलीभर पसरलं. नाक लावून बघितलं तर वासच नाही. वास येत नाही म्हणजे काहीतरी लपवलंय, असा त्यांनी निवाडा केला आणि ताटली मागच्या गल्लीत कुत्र्यांपुढे ओतली.

बर्फातून निघालेलं मांस असंच वागतं. पाणी सोडतं, लिबलिबीत पडतं. नासलेलंच असतं असं नाही. पण हे सांगायला आप्पा नव्हते, आणि आप्पांनी तरी फ्रीज कुठे पाहिला होता? ताज्यासाठी शिकलेलं बोट बाई शिळ्या-गोठल्याला लावत होत्या.

अस्मिता दुसरं पाकीट घेऊन थेट दुसऱ्या मजल्यावर आली. तिथे हे पत्र लिहिणारी निवृत्त प्राध्यापिका एकटी राहते. तिच्या गॅसवर अस्मिताने अळणी शिजवलं. दोघींनी खाल्लं, शाळेतून आलेल्या सईला दिलं. चव फिकी, पण मटणाचीच. कुणाच्या पोटात दुखलं नाही. तिन्हीसांजेला वाटी झाकून दोघी खाली गेल्या.

दिनानाथ उशीला टेकून बसले होते. मालतीबाईंनी झाकण काढलं, वाफ आली, आणि त्यांना कळलं.

"हे तिथलं."

"हो, तिथलं," अस्मिता म्हणाली. "आम्ही दुपारी खाल्लंय, आई. सईनेसुद्धा."

"पोरीला घातलंस तू?"

"घातलं. ती बघा खाली लंगडी खेळतेय. बाबांना दोन घोट द्या. मी हात जोडते."

मालतीबाईंनी चमचा घेतला आणि चाखलं. बराच वेळ त्या जीभ टाळ्याला लावून उभ्या होत्या. दोष सापडत नव्हता. पण मान हलवावी असंही काही सापडत नव्हतं, ना हाडाचा गोडवा, ना चरबीचा वास. नुसतं कोमट पाणी, ज्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही. आणि समोर दिनानाथ, पस्तीस वर्षं बघत आले तसे, बायकोच्या मानेकडे बघत होते.

"दे गं," ते म्हणाले. "पातळ आहे. उतरेल."

"उद्या तुर्भ्याहून ताजं आणते. आज पेज घ्या."

वरच्या मजल्यावरची बाई बोलायला पुढे झाली, पण दिनानाथांनीच हात वर केला.

"तू म्हणतेस तर राहू दे," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला मटण मिळालं नाही. त्यानंतर अस्मिताने पाकीट आणलं नाही, भांडलीही नाही. सर्जनने काट्याकडे बघून तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे. पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशी दिनानाथ गेले. गाठ होती तिथेच होती. माणूस गेला तो अशक्तपणाने. अस्मिताने सर्जनला सरळ विचारलं की वजन राहिलं असतं तर वाचले असते का. तो म्हणाला, सांगता येत नाही, पण टेबलावर तरी घेतलं असतं. फोन तिच्या हातात होता आणि सासू शेजारी उभी होती. सर्जन मोठ्याने बोलणारा होता.

गौरीच्या दिवशी हिरामणने दुकान उघडलं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पहिल्या बोकडाची मांडी केळीच्या पानात बांधून तो जिना चढून आला, दारात चपलांचा ढीग बघितला आणि आत भिंतीशी पिठावर ठेवलेला दिवा बघितला. मांडी तशीच हातात धरून तो खाली उतरला. गेटवरच्या वॉचमनला म्हणाला, काकीला सांगू नको मी आलेला.

सुतक फिटल्यावर तिखटाचं जेवण झालं. मटण अस्मिताच्या माहेरच्यांनी आणलं, रीतीप्रमाणे. रस्सा उकळल्यावर सगळे ताटावर थांबले, सवयीने, मालतीबाईंकडे बघत. त्या उठून गॅलरीत गेल्या. मग कुणीतरी म्हणालं, घ्या हो, थंड होतंय.

आता त्या हिरामणकडे जातात, अस्मितासाठी, सईसाठी. तो मांडी पुढे करतो. त्या म्हणतात, तूच बघून दे. तो काय बघणार? त्याच्या दुकानातलं त्याला सगळं चांगलंच. आमच्या इमारतीत आता ज्याला वाटेल तो पाकीट आणतो, वाटेल तो गावात जातो, कुणी कुणाला विचारत नाही. अस्मिता सासूला एका शब्दाने बोलत नाही. वाढते, औषध देते, रविवारी केसांना तेल लावते. ती एकदा कडकडून बोलली असती तर बाईला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर एका दुपारी मालतीबाई झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन वर आल्या. वाशीला जाल तेव्हा या डब्यातून एक पाकीट आणा, म्हणाल्या. तेच, त्याच फ्रीजरमधलं. मला तिथे जाववत नाही.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. वितळू देईन, अळणी करीन आणि पूर्ण वाटी पिईन. त्या दिवशी मी चमचाभरच घेतलं."

"आणि मग?"

"मग कळेल."

शिकल्यासवरल्या बाईने डबा ठेवून घेतला. त्यानंतर ती वाशीला कितीदा तरी गेली, डाळ-तांदूळ आणलं, साबण आणला, एकदा तर फ्रीजरसमोर उभीही राहिली. जिन्यात गाठ पडली की मालतीबाई विचारतात, "गेला होतात?"

"गेले होते. ते राहिलं."

"बरं. पुढच्या खेपेला आणा," मालतीबाई म्हणतात, आणि कठड्याला धरून खाली उतरतात.